कुकरच्या तीन शिट्ट्या आणि लाल चकती

*ताई, नमस्कार. आम्ही भांडुपला चाळीत राहतो, एक खोली आणि स्वयंपाकघर. मुलगा चिकू (हे त्याचं घरातलं नाव) आठ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. शब्द थोडे बोलतो, चित्रं मात्र छान ओळखतो. ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडमनी सांगितलं म्हणून दोन महिन्यांपूर्वी लाल चकतीचा टायमर ऑनलाइन मागवला, वेळ सरेल तशी चकती कमी होत जाते तो. पहिले चार दिवस तो कौतुकानं बघत बसायचा. आता मी टायमर हातात घेतला तरी किंचाळतो. मागच्या आठवड्यात गॅलरीतून खाली फेकला. पुढच्या काचेला तडा गेला, नशीब खाली कुणी उभं नव्हतं. मोबाइल काढून घेताना सगळ्यात जास्त त्रास होतो. एकदा ह्यांना ड्युटीची घाई होती म्हणून ह्यांनी चकती हातानंच पुढे सरकवली, तेव्हापासून तर विचारूच नका. सासूबाई म्हणतात, पोराला घड्याळाच्या काट्याला काय जुंपता, आमची चार पोरं अशीच वाढली. तसा तो अजिबात थांबत नाही असंही नाही. संध्याकाळी कुकर लावला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो, शिट्टी झाली की एकेक बोट उघडतो आणि तिसरीला टाळी वाजवतो. मग टायमरचंच काय बिनसतं? बंद करून टाकू का? दर शनिवारी त्याला थेरपीसाठी दादरला न्यावं लागतं, तेव्हा लोकलमध्ये 'उतरायचं, उतरायचं' म्हणून आकांत करतो, त्यावर काही आहे का? आणि पुढे आयुष्यभर त्याला टायमर लागणार का?*

*— चिकूची आई, भांडुप*

चिकूच्या आई,

टायमर बंद करू नका. पण उद्यापासून पंधरा दिवस तो कपाटात ठेवा, चिकूच्या नजरेआड. नंतर तो काढायचा आहे, पण वेगळ्या कामासाठी. कोणत्या, ते सांगते. त्याआधी कुकरबद्दल बोलू. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहून गेलात.

तीन शिट्ट्या होईस्तोवर तुमचं पोर उंबऱ्यावर बसून राहतं. दहा-बारा मिनिटं तरी जात असतील. म्हणजे चिकूला थांबता येतं. कुणी न दटावता, कुणी हात न धरता येतं. 'याला धीरच नाही' असं तुम्हाला आजवर जितक्यांनी ऐकवलं असेल, त्यांनी एकदा संध्याकाळी येऊन तो उंबरा बघावा.

तो कुकरसाठी का थांबतो? किती उरलं ते त्याच्या बोटांवर दिसतं, हे एक. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमचा कुकर दिलेला शब्द मोडत नाही. तिसरी शिट्टी झाली की तुम्ही गॅस बंद करता. रोज. पाहुणे आले म्हणून चौथी होऊ देत नाही, घाई आहे म्हणून दुसरीवर उतरवत नाही. आणि त्यानंतर जे येतं ते चांगलं असतं, गरम वरणभात.

आता तुमचा टायमर बघा. तो कधी बाहेर येतो? मोबाइल काढून घ्यायच्या वेळी. लाल रंग संपला की हातातलं आवडतं काहीतरी जातं, आणि पुढे काय येणार ते त्याला दिसत नाही. वर, तोच लाल रंग एक दिवस बाबांनी बोटानं पुढे ढकलला. आठ वर्षांच्या, शब्द तोकडे असलेल्या मुलानं यातून काय समजायचं? त्यानं टायमर गॅलरीतून फेकला यात मला बेशिस्त दिसत नाही. 'याच्यावर माझा विश्वास नाही' हे त्याला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता आलं असतं?

चिकूच्या बाबांना मी दोष देत नाही. शिफ्ट ड्युटी करणाऱ्या माणसाची सकाळ कशी असते हे मुंबईत कुणाला सांगायला नको. आणि हीच चूक मी वर्गात किती वर्षं करत आले, ते सांगते. मी विशेष शिक्षिका आहे. 'पाच मिनिटं थांब, मग खेळायला जाऊ' हे वाक्य दिवसातून दहादा माझ्या तोंडी असायचं. वर्गातला एक मुलगा ते ऐकलं की लगेच दप्तर पाठीला लावून दाराशी जाऊन उभा राहायचा. माझी पाच मिनिटं कधी बारा व्हायची, कधी वीस. मग तो दारावर डोकं आपटायचा, आणि आम्ही त्याच्या वहीत लिहायचो की कारण नसताना चिडतो. एकदा सोबतच्या मदतनीस मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोलता तसं होत नाही ना, म्हणून तो चिडतो." मग मी खरंच घड्याळ लावून बघितलं. त्यांचं बरोबर होतं.

आपल्या घराघरांत 'दोन मिनिटं' हा वेळ नसतोच. 'आलेच दोन मिनिटांत' म्हणजे 'आत्ता नाही', 'पाच मिनिटं दम धर' म्हणजे 'मला काम आहे'. इतर मुलं हा अर्थ आपोआप शिकतात. आवाजावरून, चेहऱ्यावरून, कालच्या अनुभवावरून ती ताडतात. ऑटिझम असलेली बरीच मुलं शब्द जसाच्या तसा घेतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलपणा फार, अशा मुलांची अडचण वेगळी: वेळ सरतोय याची आतली जाणीवच कच्ची असते, त्यामुळे पाच मिनिटं आणि अर्धा तास त्यांना सारखेच भासतात. ज्यांना आकडे अजून कळलेले नाहीत त्यांना मोबाइलवर उलटे पळणारे सेकंद दाखवून उपयोग नसतो. अशा सगळ्यांसाठी वेळ डोळ्यांना दिसेल असा करावा लागतो: लाल चकती कमी कमी होताना, वाळू खाली पडताना, पट्टीवरचे चौकोन एकेक करून निघताना.

लाल चकतीचा हा टायमर कुठून आला ते तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात राहणाऱ्या जॅन रॉजर्स या आईनं तो १९९० च्या दशकात तयार केला. तिची चार वर्षांची मुलगी सारखी विचारायची, 'अजून किती वेळ?' आकडे न वाचणाऱ्या पोरीला उत्तर दिसावं म्हणून तिनं ही सरकणारी चकती केली. मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला जन्मलेली वस्तू आहे ती. तुमच्या घरी तिच्यावर काढून घ्यायचं काम पडलं, तेवढंच बिनसलं.

तेव्हा पंधरा दिवसांनी टायमर बाहेर काढाल तो चांगल्या गोष्टीची वाट बघायला. सुरुवात अगदी छोटी करा. पोळीवर तूप-गूळ लावलाय, पोळी गरम आहे, एक मिनिट. चकती एका मिनिटावर लावा, ताटली त्याला दिसेल अशी समोर ठेवा, चकती संपली की तत्क्षणी ताटली त्याच्या हातात. तो तीन मिनिटं थांबू शकतो हे माहीत असलं तरी एकच मिनिट लावा. आत्ता त्याची ताकद जोखायची नाही. चकती संपली की ठरलेलं मिळतं, एवढं त्याच्या मनात पक्कं बसवायचं आहे. दिवसातून तीन-चार वेळा, रोज. दूध निववताना, कलिंगड कापताना, खाली खेळायला नेण्याआधी तुम्ही चप्पल घालेपर्यंत. जिथे वेळ पूर्णपणे तुमच्या हातात आहे तिथेच. लाइट गेले, दूध उतू गेलं, दारात कुणी आलं, तरी त्या एका मिनिटाला तुम्ही हजर. हे जमणार नसेल तर त्या वेळेला टायमर लावूच नका. न लावलेल्या टायमरनं काही बिघडत नाही, खोट्या पडलेल्यानं महिनाभराची मेहनत जाते.

हे आठ-दहा दिवस सुरळीत गेलं की ज्याचं त्याला ना सुख ना दुःख अशा कामांकडे वळा. दात घासणं हे उत्तम, दोन मिनिटं. त्यासाठी दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ मिळालं तर मोरीच्या कट्ट्यावर ठेवायला जास्त सोयीचं.

मोबाइल सगळ्यात शेवटी. आणि तिथे नुसता टायमर पुरणार नाही. चकती 'संपलं' एवढंच सांगते, 'आता काय' ते सांगत नाही. चिकूसारख्या मुलाला संपण्यापेक्षा पुढच्या रिकामपणाची भीती अनेकदा मोठी असते. म्हणून टायमरच्या शेजारी पुढच्या कामाचं चित्र हवं. पुठ्ठ्याचे दोन चौकोन करा, एकावर 'आधी', दुसऱ्यावर 'मग'. आधी मोबाइल, मग झोका. आधी मोबाइल, मग आजीबरोबर शेंगा सोलणं, त्याला ते आवडत असेल तर. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात ऑटिझम असलेल्यांसाठी १९७२ पासून चाललेल्या टीच या कार्यक्रमानं जगभरच्या विशेष शिक्षकांना हीच शिस्त लावली: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळेल आणि मग पुढे काय, या चार गोष्टी मुलाला डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत. टायमर त्यातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे. बाकीची तीन चित्रांनी द्यावी लागतात. तुमचा लेक चित्रं छान ओळखतो, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे. मोबाइलनंतर लगेच अभ्यास मात्र ठेवू नका, निदान पहिले दोन महिने तरी. एकदम गोडावरून कडूवर नेलं तर कुणीही तोंड वाकडं करेल.

मोबाइलसाठी मोबाइलमधलंच टायमरचं ॲप वापरू नका, हेही सांगून ठेवते. ज्या वस्तूसाठी रडारड तिच्याच पडद्यावर तिची अखेर दाखवायची, हे बरं नाही. शिवाय वरून एक मेसेज आला की चकती झाकली जाते.

टायमरचा आवाज बंद करता येत असेल तर करा. शेवटच्या पिप-पिपनं दचकणारी मुलं खूप असतात. मग ती शेवटच्या मिनिटाला कानांवर हात ठेवून आवाजाचीच वाट बघत बसतात आणि हातातलं काम बाजूला राहतं. काही मुलं चकतीकडेच टक लावून बसतात, त्यांच्यासाठी टायमर अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला, मान वळवली की दिसेल असा ठेवावा. चिकू कुठल्या जातीचा ते तुम्हाला दोन दिवसांत कळेल.

आणि काही ठिकाणी टायमर नेऊच नका. तो रडत असताना 'दोन मिनिटांत गप्प बस' म्हणून लावू नका. त्या वेळी त्याला वेळ दिसत नसतो, काहीच दिसत नसतं. त्याला तुम्ही हव्या असता, नाहीतर अंधारा शांत कोपरा. संडासात बसवताना नको. ताट संपवायला नको, घास आणि घड्याळ यांची गाठ एकदा पडली की सोडवणं फार अवघड जातं. आणि शिक्षा म्हणून तर कधीच नको.

आता बाबांनी सरकवलेल्या चकतीचं काय करायचं? चिकूला शब्दांतली माफी कितपत पोहोचेल माहीत नाही, पण कृतीतली पोहोचेल. बाबांना घरी असतील त्या दिवशी ते गूळपोळीचं एक मिनिट स्वतः लावू द्या आणि चकती संपली की ताटली बाबांच्याच हातून मिळू द्या. आठवडाभर हे झालं तर फरक पडेल. घरासाठी एक नियम ठेवा: सुरू झालेल्या चकतीला कुणी हात लावायचा नाही. पण मुंबईतलं आयुष्य आहे, कधीतरी मध्येच निघावं लागणारच. त्यासाठी एक वेगळं कार्ड करा, त्यावर ठळक केशरी बाण काढा आणि त्याला 'बदल' म्हणा. निघायचंच असेल तेव्हा चकती न सरकवता टायमरवर रुमाल टाका, वर बदलाचं कार्ड ठेवा, पुढच्या गोष्टीचं चित्र दाखवा. हे कार्ड आधी आनंदाच्या बदलांना वापरून ओळखीचं करा. पोहे ठरले होते, बदल, शिरा केलाय. पाच-सहा वेळा असं गोड झालं की मग कडू बदलालाही ते थोडंफार चालतं. दर वेळी चालेल असं मी म्हणत नाही.

इथे मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवते. बोलत नव्हती. तिची आई तिला सोडायला यायची, आणि आईला जरा वेळ वर्गात बसू द्यायचं असं ठरलं होतं. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ टेबलावर उलटायचं, वाळू संपली की आई उठणार. दोन आठवडे छान चाललं. एके दिवशी वाळू अर्धी उरली असताना त्या मुलीनं हळूच हात पुढे केला आणि घड्याळ आडवं केलं. वाळू जागच्या जागी थांबली. तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोडफोड नाही, रडणं नाही. घड्याळ टेबलावर आडवं, दोन्ही कुप्यांत निम्मी निम्मी वाळू, आणि त्यावर तिचा तळहात.

मी त्या दिवशी घड्याळ पुन्हा उभं केलं नाही. आई अजून थोडी बसली. तिच्या भाषेत ती मुलगी 'थांब' म्हणाली होती, आणि इतकं स्पष्ट ती आधी काहीच बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला एक कार्ड करून दिलं, 'आणखी थोडं'. एकदाच वापरायचं, वाळू संपायच्या आत द्यायचं, दिलं की एक मिनिट वाढवून मिळणार. ती ते रोज वापरायची, मग एक दिवसाआड, मग कधीतरीच. चिकूलाही असं कार्ड द्या. मोबाइलच्या वेळेला चकती थोडी उरली असताना त्याच्या हाताला लागेल असं ठेवा. पहिले काही दिवस त्याचा हात धरून ते कार्ड तुमच्या हातात द्यायला शिकवा आणि लगेच एक मिनिट वाढवा. किंचाळण्याआधी मागितलेलं मिळतं हे कळलं की किंचाळायचं काम कमी होतं. पण चकती संपल्यावर, आरडाओरडा सुरू झाल्यावर ते कार्ड चालवून घेऊ नका. तिथे मऊ पडलात तर आठवडाभरात कार्ड निरुपयोगी होईल.

सासूबाईंचं बोलणं मला उडवून लावावंसं वाटत नाही. 'घड्याळाच्या काट्याला जुंपू नका' यात नातवाची माया आहे, आणि दिवसाचा प्रत्येक तास टायमरवर बांधला तर त्यांचं म्हणणं खरंही ठरेल. दिवसात चार-पाच वेळांपेक्षा जास्त टायमर नको. पण त्यांना विचारा, त्यांच्या लग्नात घटिका ठेवली होती का? पाण्यानं भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची, पाणी हळूहळू वर चढत जायचं आणि वाटी बुडाली की घटका भरली. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्रीच्या साठ घटका. मुहूर्ताला मांडवातली जाणती माणसं त्या वाटीकडे डोळे लावून असायची. डोळ्यांना दिसणारा वेळ आपल्याकडे नवा नाही, आजींना हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि हे नुसतं सांगून सोडू नका, करूनच बघा. स्टीलची पातळ, छोटी वाटी घ्या आणि भांड्यांच्या दुकानातून तळाला अगदी बारीक भोक पाडून आणा. प्लास्टिकची वाटी घेऊ नका, ती भरली तरी तरंगत राहते. बादलीत सोडा आणि बुडायला किती वेळ लागतो ते दोन-तीनदा मोजा. लवकर बुडत असेल तर भोक मेणानं थोडं बुजवा. पाण्याचं वेड असलेल्या मुलांना हे फार आवडतं. ही वाटी आजींच्या ताब्यात द्या. 'वाटी बुडाली की गोष्ट सांगणार' किंवा 'वाटी बुडाली की देवाला फुलं वाहायला जायचं', जे आजी-नातवाचं ठरेल ते. घरातली एक तरी वेळ आजींच्या हातात असली की त्यांचा विरोध किती उरतो ते मला कळवा. एवढंच, बादलीपाशी त्याला एकटं सोडायचं नाही.

लोकलसाठी मात्र टायमर अजिबात नको. गाडीचा वेळ तुमच्या हातात नाही. जुलैत पाणी भरलं, कुर्ला-सायनच्या मध्ये गाडी उभी राहिली, की चकती संपलेली आणि दादर आलेलं नाही. पुन्हा सगळं खोटं. जे आपल्या हातात नाही तिथे मिनिटं न दाखवता टप्पे दाखवायचे. पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्या, त्यावर आठ चौकोन वेल्क्रोनं चिकटवा: कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा, दादर. चौकोन पिवळे करा, अक्षरं काळी, फलाटावरच्या पाटीसारखी. दादरच्या चौकोनावर थेरपीच्या जागेच्या दाराचा फोटो लावा. स्टेशन आलं की त्या नावाचा चौकोन काढायचा आणि पट्टीला बांधलेल्या छोट्या पिशवीत टाकायचा. गाडी मध्ये दहा मिनिटं थांबली तरी पट्टी खोटी पडत नाही, तिनं मिनिटं कबूल केलेलीच नव्हती. डॉक्टरांच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत, रेशनच्या रांगेत, हेच. नेहमी स्लो गाडीच धरा, निदान पहिले काही शनिवार. फास्टमध्ये स्टेशनं गाळली जातात आणि हातात चौकोन उरतात.

शाळेचं तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी बोलते. वर्गात बाईंच्या टेबलावर एक छोटा टायमर ठेवायला सांगायला संकोच करू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम येतो, आणि सरकारमान्य शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी असं त्या कायद्यात आहे. पण कायदा पहिल्याच भेटीत काढू नका. आधी बाईंना कुकरची गोष्ट सांगा.

हे सदर वाचणाऱ्या ज्या घरांना खाजगी थेरपीची फी झेपत नाही त्यांच्यासाठी: केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, केसपेपर काढून जाता येतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमासंरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च धरला जातो. रांगा लांब असतात, हे खरं आहे. तरी नाव घालून ठेवा.

आयुष्यभर टायमर लागेल का, या प्रश्नामागची तुमची उडालेली झोप मला दिसते. माझ्या अनुभवात बहुतेक मुलांची साधनं बदलत जातात. मोठा काटा ओळखता आला की भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर व्हाइटबोर्डच्या मार्करनं बारापासून तीनपर्यंतचा भाग रंगवायचा, काटा रंगात आहे तोवर खेळ, बाहेर पडला की जेवण. पुढे कुणी मनगटी घड्याळ वापरतं, कुणी अलार्म. काहींना मोठेपणीही चकतीच बरी वाटते. त्यात वाईट वाटून घेऊ नका. फलाटावर उभे राहून 'किती मिनिटं' बघायला आपण सगळेच इंडिकेटरकडे मान वर करतो.

ओटीच्या मॅडमना हे उत्तर दाखवा. त्या चिकूला प्रत्यक्ष बघतात, मी फक्त पत्रातून. एखादी गोष्ट त्याच्या बाबतीत नको असं त्या म्हणाल्या तर त्यांचं ऐका.

टायमरची तडा गेलेली काच या पंधरा दिवसांत बदलून घ्या किंवा पारदर्शक चिकटपट्टी लावा, बोटाला लागेल. आणि पट्टी या शनिवारीच करा, त्यासाठी पंधरा दिवस थांबायची गरज नाही. पहिल्या दिवशी तो चौकोन भराभर सगळेच ओढून काढेल कदाचित. परत लावा. माटुंगा गेलं की शेवटचा चौकोन मात्र त्यालाच काढू द्या, दाराशी उभे राहिलात की, गाडी फलाटाला लागताना.